जाळून टाकलेल्या पुस्तकाची जत्रा वांद्र्याला भरते

'नाताळचं लपवलेलं सत्य' या नावाची एक पोस्ट दर डिसेंबरात व्हॉट्सअ‍ॅपवर उगवते. वसईच्या आमच्या मावशीपर्यंत ती पोचली नसती, तर मी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. पण मावशी धर्मशिक्षणाचे वर्ग घेते, नाताळच्या गोठ्याचं, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्याचं सामान तिच्याच माळ्यावर असतं, आणि तिनं मला फोन करून विचारलं की यंदा तीन राजे मांडायचे की वगळायचे. तेव्हा आता लिहिणं भाग आहे.

पोस्टीचं म्हणणं असं: गोठ्यातला बैल, गाढव, तीन राजे यातलं काहीच बायबलमध्ये नाही, म्हणजे पाद्र्यांनी लोकांना फसवलं. येशूच्या बालपणाची 'खरी' पुस्तकं रोमन सम्राट कॉन्स्टंटाईननं ३२५ साली नायसियाला भरलेल्या बिशपांच्या परिषदेत मतदान घेऊन बाद केली आणि जाळली. कारण त्यांत पाच वर्षांचा येशू पोरांना शाप देऊन मारतो. २५ डिसेंबर सूर्यपूजकांकडून चोरलेला. आणि बारा ते तीस या वयात येशू लडाखला. शेवटी 'दहा जणांना पाठवा' आहेच.

पहिला मुद्दा अर्धा खरा आहे, ते कबूल करून टाकतो. मत्तयच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या त्यानं सांगितलेल्या येशूचरित्रात, पूर्वेकडून आलेले ज्ञानी लोक आहेत. ते राजे होते असं तिथं नाही, तीन होते असंही नाही. तीन आहेत त्या भेटी: सोनं, ऊद, गंधरस. गास्पर, मेल्कियोर, बाल्थाझार ही नावं काही शतकांनंतरची. शिवाय मत्तयकडे गव्हाण नाही, ज्ञानी लोक 'घरात' जातात. गव्हाण आणि मेंढपाळ लूकच्या शुभवर्तमानात, आणि लूकला ज्ञानी लोकांचा पत्ता नाही. आपला गोठा म्हणजे दोघांची बेरीज. बैल-गाढव आले ते यशया संदेष्ट्याच्या पहिल्याच अध्यायातून, आणि १२२३ साली इटलीत ग्रेच्चो गावी असिसीच्या फ्रान्सिसनं गव्हाणीशेजारी ही जनावरं खरोखरच आणून उभी केली. यात फसवणूक कुठं आली? वाल्मीकींच्या अरण्यकांडात लक्ष्मणरेषा नाही, म्हणून कीर्तनकाराला कुणी खोटारडा म्हणतं का?

आता नायसिया. ही थाप इतकी मुरलेली आहे की शिकलेली माणसंही ती बिनदिक्कत ठोकून देतात. नायसियाच्या परिषदेनं केलेले वीस नियम आज उपलब्ध आहेत, दहा-पंधरा मिनिटांत वाचून होतात. त्यांत काय आहे? धर्मगुरूनं व्याजबट्टा करू नये. त्याच्या घरी आई, बहीण, मावशी-आत्या किंवा जिच्याबद्दल संशयच येणार नाही अशी बाई सोडून दुसरी स्त्री राहू नये. रविवारी प्रार्थना गुडघे टेकून नव्हे, उभं राहून करावी. बायबलमध्ये कोणती पुस्तकं घ्यायची, याबद्दल वीसपैकी एकाही नियमात अवाक्षर नाही. भांडण होतं ते एरियस नावाच्या धर्मगुरूच्या मताचं, म्हणजे पुत्र येशू हा पित्याच्या, देवाच्या बरोबरीचा की निर्माण केलेला, आणि ईस्टरच्या तारखेचं. कॉन्स्टंटाईननं पुस्तकं जाळायचा हुकूम काढला होता हेही खरं, पण ती एरियसची. बालपणाच्या कथांशी त्या हुकुमाचा संबंध नाही. बायबलच्या नव्या करारातल्या नेमक्या आजच्या सत्तावीस पुस्तकांची यादी आपल्याला पहिल्यांदा दिसते ती अथनासियस बिशपांच्या ३६७ सालच्या पत्रात.

मग ही गोष्ट आली कुठून? नवव्या शतकाच्या अखेरीस, म्हणजे साडेपाचशे वर्षांनी लिहिलेल्या एका ग्रीक संकलनात अशी कथा आहे की नायसियाला सगळी पुस्तकं वेदीपाशी ठेवून प्रार्थना केली, तेव्हा खरी वर राहिली आणि खोटी खाली गेली. पुढं फ्रेंच लेखक व्हॉल्तेरनं तिची यथेच्छ टिंगल केली आणि ती युरोपभर झाली. गंमत म्हणजे मतदान त्या कथेतही नाही. ते कुणीतरी नंतर घुसडलं.

आणि जी पुस्तकं जाळली म्हणतात, त्यांची अवस्था पाहा. याकोबाच्या नावावर खपणारं दुसऱ्या शतकातलं एक पुस्तक आहे. मरीयेचे आईवडील योआकिम आणि आन्ना, त्यांचं उतारवयातलं अपत्य, म्हातारा विधुर योसेफ, गाढवावर बसलेली मरीया, हे सगळं त्यातलं. त्यात एक जागा फार सुंदर आहे. मरीयेला कळा येतात, योसेफ सुईण शोधायला निघतो आणि अचानक सगळं थांबतं. पाखरं आभाळात जागच्या जागी. मजूर परातीभोवती जेवायला बसलेत, ज्यानं घास उचललाय त्याचा हात तसाच वर. मेंढपाळाची काठी उगारलेली, पण खाली येत नाही. अशा पुस्तकावर लोक जीव टाकणार नाहीत तर काय! त्याची शंभराहून जास्त ग्रीक हस्तलिखितं शिल्लक आहेत. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला इटलीतल्या पादुआच्या चॅपेलमध्ये जोत्तो या चित्रकारानं योआकिम-आन्नाची कथा भिंतभर रंगवली. कॅथलिक पंचांगात २६ जुलै हा त्या दोघांचा दिवस. गोव्यात तळावलीला संत आन्नाचं केवढं तरी चर्च आहे, आणि तिच्या फेस्ताला मूल मागणारी जोडपी तिथं तवशी, म्हणजे काकड्या, वाहतात. मरीयेच्या जन्माबद्दल बायबलमध्ये एक ओळ नाही, तरी ८ सप्टेंबरला तिचा वाढदिवस, आणि त्याच सुमारास वांद्र्याला मोत माउलीची, म्हणजे माउंट मेरीची जत्रा. लाखो लोक, सगळ्या धर्मांचे, मेणाचे हातपाय आणि मेणबत्त्या घेऊन टेकडी चढतात. लपवाछपवीची ही कुठली तऱ्हा?

शाप देणाऱ्या पोराचा मुद्दा मात्र मला जास्त झोंबला, कारण मावशीच्या वर्गातल्या एका मुलीनं तो ऐकून 'म्हणजे येशू वाईट होता का?' असं विचारलं. ही कथा थोमाच्या नावावरच्या बालपणाच्या पुस्तकातली. पाच वर्षांचा येशू शब्बाथाच्या, म्हणजे ज्यूंच्या काम न करण्याच्या दिवशी ओढ्याकाठी ओल्या चिखलाच्या बारा चिमण्या करतो. कुणीतरी योसेफकडे चहाडी करतं, योसेफ ओरडतो, येशू टाळी वाजवतो आणि चिमण्या चिवचिवत उडून जातात. हीच मातीच्या पाखराची गोष्ट कुराणातही आहे. पुढं खरंच एक पोरगा वाळून जातो, खांद्याला धक्का देणारा दुसरा मरून पडतो, आणि योसेफ येशूचा कान पिरगाळतो. पण पोस्टवाल्यानं तिथंच पुस्तक मिटलं. शापानं पडलेले पुढं बरे होतात. सुताराच्या कामात एक फळी आखूड पडते, तर पोरगा ती ओढून लांब करतो.

यातलं काही 'दडपलेला इतिहास' नाही. साधारण १८० साली, नायसियाच्या दीडशे वर्षं आधी, इरेनेयस बिशपांनी या कथांतल्या गुरुजींना 'आधी अल्फा म्हणजे काय ते सांगा' असं सुनावणाऱ्या पोराची गोष्ट नोंदवून ती उघड-उघड बनावट ठरवली आहे. सम्राट नव्हता, परिषद नव्हती. आणि २०२४ साली हॅम्बुर्गच्या ग्रंथालयातल्या पपायरसच्या तुकड्यावर याच पुस्तकातल्या चिमण्यांच्या गोष्टीची सुरुवात ओळखू आली. तुकडा चौथ्या-पाचव्या शतकातला, अक्षर ओबडधोबड, बहुधा कुणा शिकाऊ पोराचा गिरवण्याचा धडा. जे जाळलं म्हणता, ते पोरं धड्यात गिरवत होती!

तारखेचं एका वाक्यात: २५ डिसेंबर बायबलमध्ये नाही, चौथ्या शतकात रोममध्ये तो पाळत होते, आणि सूर्याच्या सणावरून घेतला की येशूला वधस्तंभावर दिलं त्या तारखेवरून मोजला यावर अभ्यासकांचं आजही जमत नाही. 'चोरी' म्हणायला आधी पंचनामा तरी करा.

लडाखचं कुळमूळ एकच: १८९४ साली निकोलस नोतोविच या रशियन माणसानं छापलेलं पुस्तक. हेमिस मठात येशूचं चरित्र पाहिलं, असं त्याचं म्हणणं. दुसऱ्याच वर्षी आग्र्याच्या कॉलेजातले प्राध्यापक डग्लस स्वतः हेमिसला गेले आणि त्यांनी मुख्य लामांना नोतोविचचं पुस्तक समजावून सांगितलं. असं कोणतंही पोथीपुस्तक आमच्याकडे नाही आणि हा माणूस खोटं बोलतो, असं लामांनी सांगितलं. डग्लस यांनी ते १८९६ साली छापलं. पोस्टीत नोतोविचचं नाव दोनदा आहे, डग्लसचं एकदाही नाही.