फायरमनला जीपीएस लावा, प्रश्न मिटला? तो व्हायरल मेसेज आणि माझं उत्तर

तो मेसेज मला इतक्या ग्रुपवर आलाय की आता लिहूनच टाकतो. ज्यांच्यापर्यंत पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: जेवण घेऊन येणारा पोरगा कुठल्या वळणावर आहे ते आपल्याला फोनवर दिसतं, पण जळत्या बिल्डिंगमध्ये शिरलेला फायरमन कुठे आहे ते त्याच्या साहेबाला माहीत नसतं. अजून आत जाणाऱ्यांचे बिल्ले अडकवणं आणि दारातल्या बोर्डावर नावं लिहिणं चालू आहे. प्रत्येकाला जीपीएस द्या, प्रश्न मिटला. नाहीतरी वॉकीटॉकी असतोच, बेशुद्ध पडला तर भोंगा वाजतो, बाहेर दुसरी टीम उभी असते. आणि शेवटी ठेवणीतलं वाक्य, "टेक्नॉलॉजी आहे, इच्छाशक्ती नाही."

लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नाहीये, फायरमन सुरक्षित राहावेत असंच त्याला वाटतंय. पण हा मेसेज वाचून उद्या कुणी खरंच बोर्ड गुंडाळून ठेवला तर माणसं मरतील, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"प्रत्येकाला जीपीएस द्या."

जीपीएसचे सॅटेलाइट जमिनीपासून साधारण २०,००० किलोमीटरवर फिरतात आणि आपल्यापर्यंत येईस्तोवर त्यांचा सिग्नल अगदीच क्षीण झालेला असतो. मोकळ्या आभाळाखाली तो पुरतो. काँक्रीटचे चार स्लॅब आणि लोखंडी रॅक मध्ये आले की एकतर सिग्नल येतच नाही, नाहीतर भिंतींवर आपटून भलतीकडून येतो आणि माणूस रस्त्याच्या पलीकडे दिसायला लागतो. मग म्हणाल, मॉलमध्ये माझा फोन लोकेशन बरोबर दाखवतो ना? तो दाखवतो कारण आजूबाजूला वायफाय असतं, मोबाइल टॉवर असतात, त्यांच्यावरून तो अंदाज बांधतो. आग लागलेल्या बिल्डिंगमध्ये लाइट आधीच बंद केलेली असते, वायफाय कुठलं शोधणार?

आणि समजा चार मीटरच्या आत लोकेशन मिळालं, तरी एका मजल्याची उंची असते तीनेक मीटर, म्हणजे चार मीटर चुकलं की माणूस दुसऱ्या मजल्यावर आहे की तिसऱ्या तेच कळणार नाही, आणि धुरात चुकीच्या मजल्यावर शोधाशोध करणं म्हणजे तो सापडणारच नाही याची सोय. हवेच्या दाबावरून उंची काढता येते हे खरंय, पण आगीच्या उष्णतेने आणि धूर काढायला लावलेल्या पंख्यांनी आतला दाबच बदलतो. बुटात सेन्सर बसवून पावलं मोजायचे प्रयोगही झालेत. त्यांची चूक दर पावलागणिक साचत जाते, आणि मुळात त्यांचं गणित चालणाऱ्या माणसाचं असतं, धुरात जवान रांगत जातो.

एक गोष्ट मात्र मान्य. जंगलातल्या वणव्यात जीपीएस कामाचा आहे आणि तिथे तो हवाच. ३० जून २०१३ ला अमेरिकेत ॲरिझोनामध्ये यार्नेल हिलच्या वणव्यात एकाच टीमचे १९ जण गेले, आणि ते शेवटी नेमके कुठे होते हे कमांडला, म्हणजे सूत्रं हलवणाऱ्या अधिकाऱ्यांना, माहीत नव्हतं. आधीच जळून गेलेल्या सुरक्षित पट्ट्यात असतील असं बाकीच्यांना वाटत होतं, प्रत्यक्षात ते तिथून निघून खाली उतरले होते. त्यानंतर २०१९ मध्ये तिकडे कायदाच झाला की वणव्यावर जाणाऱ्या टीमचं लोकेशन ट्रॅक करायचं. मेसेजवाल्याने जंगलाबद्दल लिहिलं असतं तर मीही फॉरवर्ड केला असता.

"अजून बिल्ले आणि बोर्ड! नावं लिहिण्यात वेळ जातो."

ही बोर्डाची पद्धत कुठल्या बाबूच्या डोक्यातून आलेली नाही, माणसं गमावून आलीये. जानेवारी १९५८, लंडनचं स्मिथफील्ड मार्केट. मांसबाजाराखालची तळघरं, सगळा भुलभुलैया, धूर कोंडलेला, आणि श्वसनयंत्र लावून आत गेलेल्यांपैकी दोघे परत आले नाहीत. त्यानंतर ब्रिटनमध्ये प्रत्येक सेटला बिल्ला आणि दारात कंट्रोल बोर्ड ही पद्धत पक्की झाली.

आता हा बोर्ड प्रत्यक्षात काय करतो ते बघा. जवान बीए सेट, म्हणजे मास्क आणि हवेचा सिलिंडर असलेलं श्वसनयंत्र, चढवतो, सिलिंडर उघडतो, गेजवर दाब वाचतो, समजा २९० बार, म्हणजे बाहेरच्या हवेच्या साधारण २९० पट. बिल्ल्यावर नाव, दाब आणि आत जायची वेळ लिहून, समजा १०:४२, तो दारातल्या माणसाच्या हातात देतो आणि मगच आत जातो. दारातला माणूस तो बोर्डात खोचतो, बरोबर कोण आहे, कुठल्या मजल्यावर, काय कामाला ते शेजारी लिहितो आणि हिशोब करतो. सिलिंडर ६.८ लिटरचा, धोक्याची शिटी वाजते ५५ बारला, म्हणजे वापरायला मिळाले २३५ बार, गुणिले ६.८, जवळपास १,६०० लिटर हवा. मिनिटाला ४० लिटर धरले तर ४० मिनिटं, म्हणजे ११:२२ ला शिटी. पण जवान जिने चढतोय, नळी ओढतोय, घाबरलाय, मिनिटाला ६० लिटर ओढायला लागला तर तीच शिटी ११:०८ लाच वाजेल. टीममध्ये ज्याचा दाब सगळ्यात कमी, त्याच्यावरून सगळ्यांची वेळ धरायची, आणि शिटी वाजायच्या आत सगळे बाहेर हवेत. बाहेर आले नाहीत तर शोध लगेच सुरू, कुणी हाक मारायची वाट बघायची नाही.

आता सांगा, नकाशावरचा निळा ठिपका यातलं काय सांगतो? ठिपका हलतोय तोवर सगळं छान दिसतं आणि हवा संपत आलीये हे कुणाच्या गावीही नसतं. आत कोण, कुणाबरोबर, कुठल्या दारातून, कशासाठी, किती हवा घेऊन गेला हे सगळं एका अशा माणसाला माहीत हवं जो स्वतः आग विझवत नाहीये. नुसतं "कुठे" कळून भागत नाही. आणि यात वेळ किती जातो म्हणाल तर बिल्ला द्यायला काही सेकंद लागतात, तेवढ्यात मास्कचा पट्टाही नीट बसत नाही.

हां, बोर्डाचे दोष आहेत आणि ते मेसेजवाल्याला सापडलेच नाहीत, म्हणून मीच सांगतो. सगळ्यात जास्त होणारी भानगड अशी की जवान मागच्या दाराने बाहेर येतो, मास्क काढून पाणी पीत बसतो, आणि त्याचा बिल्ला पुढच्या दारातल्या बोर्डावर तसाच. वेळ संपते, बोर्डवाल्याच्या मते तो आत अडकलाय, झालं, त्याला शोधायला दोन चांगली माणसं धुरात. म्हणून नियम आहे की ज्या दारातून गेलात त्याच दारातून या आणि स्वतःचा बिल्ला स्वतः काढून घ्या. हल्ली सेटमधूनच दाबाचा आकडा रेडिओने बाहेरच्या स्क्रीनवर जातो असे बोर्डही आहेत आणि ते उत्तम आहेत, पण तेही काँक्रीटमागे कधी गप्प होतात, त्यामुळे दारातला माणूस हटत नाही.

"वॉकीटॉकी आहे की, विचारायचं कुठे आहेस!"

विचारायचं खरं, पण उत्तर देणाऱ्यालाच माहीत नसेल तर? ३ डिसेंबर १९९९, अमेरिकेतलं वूस्टर, बंद पडलेलं जुनं कोल्ड स्टोरेज. वरच्या मजल्यांना खिडक्या नाहीत, भिंतींना जाडजूड इन्सुलेशन, आत भुलभुलैया. कुणी बेघर लोक आत असतील म्हणून शोधायला गेलेले दोन जवान वाट चुकले. त्यांनी रेडिओवर सांगितलं की आम्ही हरवलोय, हवा संपतेय. रेडिओ चालू होता, आवाज येत होता, पण नेमकं कुठे ते बाहेरच्यांना लागेना. त्यांना शोधायला गेलेल्यांपैकी आणखी चौघे परत आले नाहीत. शेवटी तिथल्या अधिकाऱ्याने दारात उभं राहून बाकीच्या जवानांना अडवलं, आत जायला धडपडणाऱ्या आपल्याच माणसांना. सहा गेले, आणि सगळे मृतदेह मिळायला आठ दिवस लागले.

शिवाय एका चॅनलवर एका वेळी एकच जण बोलू शकतो. पंधरा जणांनी एकदम बटण दाबलं की सगळ्यांचंच घरघर. त्यामुळे हजेरी घ्यायची असेल तर टीमलीडरलाच विचारतात, आणि उत्तरही "सगळं ओके" असं चालत नाही, "तीन जण, दुसरा मजला, तिघेही माझ्या हाताला लागतात" असं लागतं. ही हजेरी ठरावीक वेळाने होते, आणि छत कोसळलं, बाहेर पडायचा हुकूम झाला, कुणी मेडे, म्हणजे जीव धोक्यात असल्याची हाक, दिला की ताबडतोब.

"बेशुद्ध पडला तर भोंगा वाजतो."

वाजतो. साधारण ३० सेकंद हालचाल नाही झाली की सेटवरचा अलार्म कर्कश ओरडायला लागतो. पण तोपर्यंत माणूस पडलेला असतो, म्हणजे हा उपाय गोष्ट हाताबाहेर गेल्यानंतरचा आहे. धुरात, भिंतींमध्ये आवाज कुठल्या बाजूने येतोय ते ओळखणं अवघड, आणि जिन्यात नुसते थांबलेल्यांचेही अलार्म सारखे वाजतात म्हणून कान त्याला सरावतात. त्यात खूप तापल्यावर या अलार्मचा आवाज मंद पडतो असं आढळलं, म्हणून अमेरिकेत २००७ मध्ये त्याचं मानकच कडक करावं लागलं.

"बाहेर दुसरी टीम उभी असतेच."

या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग आला. टीम असायलाच हवी, अमेरिकेत १९९८ पासून नियमच आहे की आत किमान दोघे एकत्र आणि बाहेर किमान दोघे तयारीत. पण ती टीम काय करू शकते ते अमेरिकेतल्याच फिनिक्स शहराने मोजून बघितलंय. मार्च २००१ मध्ये तिथे एका सुपरमार्केटच्या आगीत एक जवान गेला, त्यानंतर फिनिक्सच्या फायर डिपार्टमेंटने मोठ्या रिकाम्या इमारतींमध्ये सराव करून आकडे काढले. एका जवानाला बाहेर काढायला साधारण १२ जण लागले, वेळ लागला सुमारे २१ मिनिटं, आणि वाचवायला गेलेल्या दर पाचांतला एक स्वतःच अडचणीत आला.

वरचा हिशोब आठवा. शिटी वाजली तेव्हा सिलिंडरमध्ये उरलेत ५५ बार, म्हणजे साधारण ३७५ लिटर. मिनिटाला ४० लिटरने नऊ मिनिटं, घाबरून ६० ने ओढले तर सहा. माणूस शिटी वाजल्यावर हाक मारणार आणि मदत यायला वीस-एकवीस मिनिटं लागणार. ही टीम शिटीच्या बारा मिनिटं आधी निघायला हवी, आणि ते फक्त बोर्डावर वेळ बघत बसलेल्या माणसामुळेच होऊ शकतं.

मेसेजच्या खाली एकाने कमेंट टाकलीये, "आग लागल्यावर ज्याच्यात दम आहे तो आत घुसतो, परवानगी कसली मागता". त्यावरही लोकांनी लाइक ठोकलेत. ११ सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्कमध्ये विमानं आदळून टॉवर पेटले तेव्हा नेमकी सकाळी ९ ची शिफ्ट बदलायची वेळ होती, घरी निघालेले जवानही बंबांवर चढले, कितीतरी सुट्टीवरचे स्वतःहून आले. त्यांच्या धाडसाबद्दल कोण काय बोलणार, पण गाडीवरच्या यादीत एक आणि गाडीत प्रत्यक्ष दुसरेच, त्यामुळे ३४३ जण गेल्यावर कोण कुठे होतं याचा मेळ लावणं अतिशय अवघड झालं. आणि १८ जून २००७ ला अमेरिकेतल्याच चार्ल्स्टन शहराच्या सोफ्याच्या दुकानात तर ना टॉवर होता ना विमान, साधं एकमजली दुकान आणि गोदाम, तरी नऊ जवान गेले, कारण जो येईल तो आत जात होता आणि आत किती जण आहेत याचा पक्का हिशोब कमांडकडे नव्हता. बाहेर पडा म्हणून सांगायचं तर कुणाकुणाला सांगायचं?

"टेक्नॉलॉजी आहे, इच्छाशक्ती नाही."

उलट इच्छाशक्ती भरपूर आहे. वूस्टरची आग झाली त्याच गावातल्या पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूटने वर्षानुवर्षं याच प्रश्नावर काम केलं. नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबने अमेरिकेच्या होमलँड सिक्युरिटी खात्यासाठी पॉइंटर नावाचा प्रकल्प घेतला, त्यात रेडिओलहरींऐवजी कमी फ्रिक्वेन्सीचं चुंबकीय क्षेत्र वापरतात, ते भिंतीतून बऱ्यापैकी आरपार जातं. मंगळावर गाडी उतरवणारी लॅब आहे ती, त्यांना फोनमधला मॅप सुचला नसेल असं वाटतं का? अशी यंत्रं स्वस्त आणि दणकट होऊन प्रत्येक सेटवर बसली तर फार मोठं काम होईल, मेडे आल्यावर शोधाची कितीतरी मिनिटं वाचतील. पण दारात बिल्ला घेणारा माणूस तेव्हाही लागेल, कारण मुळात किती जण आत गेले हेच माहीत नसेल तर स्क्रीनवर चार ठिपके दिसल्यावर पाचव्याचं यंत्र बंद पडलंय की पाचवा कधी आत गेलाच नव्हता, हे सांगणार कोण?