रेसिडेंटच्या हाती रेकॉर्डर

भारतात निवासी डॉक्टरांच्या, म्हणजे रेसिडेंटच्या, प्रशिक्षणाचा विषय निघाला की बोलणं ड्युटीचे तास, सुरक्षितता आणि हॉस्टेल यांवर येतं, आणि ते रास्तच आहे. २०२४ मध्ये कोलकात्यात ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरची हत्या झाली, त्यानंतर हे प्रश्न बाजूला सारायची कुणाची हिंमत होऊ नये. त्यामुळे मी इथे अमेरिकेत रेसिडेंटना डॉक्युमेंटरी फोटोग्राफी आणि आवाजातून गोष्ट सांगणं शिकवते हे ऐकून तिकडचे डॉक्टर मित्र म्हणतात, "ही तुमची चैन. आमच्या ओपीडीत मान वर करायला फुरसत नसते."

फुरसत इथेही नाही. २००३ पासून रेसिडेंटच्या कामाला आठवड्याला सरासरी ८० तासांची मर्यादा आहे, पण त्यातला बराचसा वेळ कॉम्प्युटरसमोर जातो.

वर्गातलं पहिलं काम अगदी साधं. हेडफोन लावायचे, माइक बोलणाऱ्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर धरायचा, एक प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं. हुंकार द्यायचा नाही, नुसती मान हलवायची. नंतर तेच रेकॉर्डिंग आम्ही एकत्र ऐकतो. पेशंट म्हणतो, "तसं बरं आहे, फक्त रात्री..." आणि डॉक्टरचा आवाज मध्येच घुसतो, "गोळ्या वेळेवर घेता ना?" रात्री काय होतं ते राहूनच जातं. १९८४ मध्ये बेकमन आणि फ्रँकेल या संशोधकांनी अशाच ध्वनिमुद्रित भेटी तपासल्या, तेव्हा पेशंटला सरासरी १८ सेकंदांत अडवलं जातं असं दिसलं. हा आकडा मी आधी सांगत नाही. आधी त्यांना स्वतःला ऐकू देते. जे निदानाच्या इतकं जवळचं आहे, त्याला चैन कसं म्हणायचं?

कॅमेऱ्याचं म्हणाल, तर तो तिकडच्या वॉर्डात कधीचाच शिरलाय. जखमेचा, एक्स-रेचा, ईसीजीचा फोटो सिनिअरला व्हॉट्सॲपवर पाठवणं रोजचं आहे, आणि त्याने कामं खरोखर पटापट होतात. पण चेहरा दिसतोय का, शेजारच्या खाटेवरची बाई फ्रेममध्ये आली का, केसपेपरवरचं नाव झाकलं का, तो फोटो फोनमध्ये किती दिवस राहणार, हे शिकवायचं कुणी? डॉक्युमेंटरीचा वर्ग सुरूच होतो तो इथून.

संमतीच्या बाबतीत मात्र इथलं जसंच्या तसं उचलू नये. इथे वकिली भाषेतला लांबलचक फॉर्म असतो. सरकारी रुग्णालयात तो म्हणजे अंगठ्याचा आणखी एक ठसा होऊन बसेल. ज्याच्या हाती आपलं ऑपरेशन आहे त्याला नाही कोण म्हणणार? म्हणून उपचार करणाऱ्या डॉक्टरने परवानगी मागूच नये, ती दुसऱ्या कुणी मागावी, पेशंटच्या बोलीत समजावून. ती संमतीही रेकॉर्ड करावी. इथलं घ्यायचंच असेल तर मॅडिसन शहरातल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयाकडून घ्यावं. तिथे २०१३ पासून पेशंटची जीवनकथा लिहून आधी त्यालाच वाचून दाखवतात आणि मगच केसपेपरला जोडतात.

आणि भारतात यासाठी जागा तयारच आहे. एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना आता आरोग्याकडे लक्ष ठेवण्यासाठी कुटुंबं दत्तक दिली जातात आणि त्याच घरांत त्यांनी पुन्हा पुन्हा जायचं असतं. असं वर्षानुवर्षं एकाच घरात येणंजाणं माझ्या इथल्या रेसिडेंटच्या वाट्याला येत नाही. ती भेट बीपी, वजन आणि लॉगबुकवरची सही एवढ्यावर संपू नये. वर्षातून एकदा घरातल्या एकाचं बोलणं रेकॉर्ड करावं, साध्या मोबाइलवर. फोटो नंतर, कारण नुसत्या आवाजात चेहरा तरी उघडा पडत नाही. आणि एखाद्या आजीने मध्येच "हे पुसून टाक बाळा" म्हटलं, तर विद्यार्थ्याने तिच्यासमोरच पुसावं, आणि लॉगबुकात त्याला त्या भेटीची पूर्ण सही मिळावी.