वाफ मारून हिरा कळत नाही हो!

तुळशीचं लग्न झालं की आमच्या बेळगाव-खानापूर-निपाणी भागातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर दोन गोष्टी हमखास फिरायला लागतात. एक म्हणजे कार्यालयांच्या रिकाम्या तारखा. दुसरी, ‘घरच्या घरी खरा हिरा ओळखा’. खड्यावर वाफ मारा, पाण्यात टाका, पेपरवर ठेवा, काचेवर ओरखडा काढा. यंदा तर हा मेसेज मला माझ्या सख्ख्या मेहुण्यानंच पाठवला, वर ‘भावजी, बरोबर काय हे?’ असं विचारून.

माझा धंदा सोनेतारण कर्जासाठी दागिने पारखायचा. क्रेडिट सोसायटीत आलेला दागिना कसोटीवर घासायचा, वजन करायचं, खड्यांचं वजन वजा करायचं आणि राहिलेल्या सोन्याची किंमत लिहून द्यायची. तारणात किंमत फक्त सोन्याची धरतात. हिरा कितीही अस्सल असू दे, कर्जाच्या कागदावर त्याचं मोल शून्य. मोठ्या हौसेनं घेतलेल्या हिऱ्यांचं दहा-पंधरा वर्षांनी काय होतं, ते मला कौंटरच्या आतल्या बाजूनं दिसत असतं.

तर मेहुण्याला जे सांगितलं तेच इथं सांगतो. घरात बसून हिरा ओळखायचा नाद सोडा. विकणाऱ्याकडून तो काय आहे ते बिलावर लिहून घ्या. बाकीची पोस्ट याच्याच पोटातली आहे.

आधी वाफेचं बघू. हिरा उष्णता फार झटकन वाहून नेतो, तांब्याच्या जवळजवळ पाचपट. म्हणून त्याच्यावर मारलेली वाफ लगेच उडते, आणि एवढ्यापुरता मेसेज खरा आहे. पण मॉयसनाइट नावाचा खडाही उष्णता चांगलीच पळवतो, त्यामुळं त्याच्यावरची वाफही तशीच उडते. शिवाय खडा सोन्यात बसवलेला असला की खालचं सोनंही उष्णता ओढून घेतं. आणि आपल्याकडच्या जुलैत वाफ किती वेळात उडाली यावरून काही ठरवायचं म्हणजे! खानापूरकडं त्या दिवसांत भिंतीसुद्धा ओल्या असतात.

पाण्याचं तर नावच नको. हिऱ्याची घनता साधारण ३.५, म्हणजे तो बुडणारच. पण काचही बुडते, स्फटिकही बुडतो, आणि अमेरिकन डायमंड तर हिऱ्यापेक्षा दीडपटीहून जड, तो सगळ्यांत आधी तळाला जातो. गंमत म्हणजे रत्नांवरच्या जुन्या संस्कृत ग्रंथांत याच्या बरोबर उलटं सापडतं, की उत्तम हिरा पाण्यावर तरंगतो. म्हणजे हिरा पाण्यात टाकायची हौस व्हॉट्सॲपनं आणलेली नाही, ती फार जुनी आहे.

काचेवर ओरखडा काढणाऱ्यांना एवढंच सांगेन की मलप्रभेच्या पात्रातली गारगोटीही काचेवर ओरखडा काढते. काचेचा कठीणपणा साडेपाचच्या आसपास, गारगोटीचा सात, हिऱ्याचा दहा. साताच्या वरचं काहीही त्या परीक्षेत पास. ‘तरुण भारत’च्या पानावर खडा पालथा ठेवून अक्षरं दिसतात का बघायची युक्ती सुट्या खड्याला थोडीफार चालते. साधी काच किंवा स्फटिक त्यात उघडा पडतो. पण मॉयसनाइट प्रकाश हिऱ्यापेक्षाही जास्त वाकवतो, तो तिथंही बिनविरोध निवडून येतो. आणि कोंदणात बसवलेल्या खड्याच्या खाली पेपर घालणार कसा?

घणाची परीक्षा मात्र कुणीही करू नका, हात जोडून सांगतो. ऐरणीवर ठेवून घण घातला तरी फुटत नाही तो खरा हिरा, हे आपण लहानपणापासून कीर्तनात ऐकलेलं असतं. तो दृष्टान्त संतांच्या सोशिकपणाचा आहे, जवाहिऱ्यासाठी नाही. हिरा कठीण आहे म्हणजे त्याच्यावर ओरखडा उठत नाही. पण त्याच्या आत ठरावीक दिशांना दुबळ्या पातळ्या असतात, आणि त्या दिशेनं घाव बसला की अस्सल हिऱ्याचेही सरळ तुकडे होतात. पैलू पाडणारे कारागीर पिढ्यान् पिढ्या याच गुणाचा उपयोग करत आलेत. आगीचंही तसंच. हिरा म्हणजे शुद्ध कार्बन, नीट तापवला तर तो हवेत जळतो. १७९७ मध्ये स्मिथसन टेनंट या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानं हिरा जाळूनच तो कार्बन असल्याचं दाखवलं. डाक लावून सोनं जोडताना जाळ खड्यापर्यंत गेला तर हिरा पांढुरका पडतो, हे जुन्या सोनारांना चांगलं ठाऊक असतं. तेव्हा लायटर बाजूला ठेवा.

आता ‘खोटा हिरा’ म्हणून आपण जे म्हणतो ते नेमकं काय, तिथं येऊ, कारण खरा गोंधळ तिथंच आहे. लोकांच्या डोक्यात दोनच कप्पे आहेत, खरा आणि खोटा. बाजारात निदान तीन आहेत: हिऱ्यासारखे दिसणारे दुसरेच खडे, लॅबमध्ये वाढवलेले हिरे, आणि खाणीतले हिरे.

पहिला कप्पा दिसायला हिऱ्यासारख्या पण वेगळ्याच पदार्थाच्या खड्यांचा. आपल्याकडं ज्याला अमेरिकन डायमंड किंवा एडी म्हणतात तो झिर्कोनियम ऑक्साइडचा खडा. नाव अमेरिकन, पण तो मोठ्या प्रमाणावर बनवायची पद्धत सोव्हिएत रशियातल्या शास्त्रज्ञांनी बसवली आणि १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात तो बाजारात पसरला. त्याच कप्प्यात काच, जुन्या दागिन्यांतला झरकन, पांढरा पुष्कराज, आणि सगळ्यांत वस्ताद म्हणजे मॉयसनाइट. हे सिलिकॉन कार्बाइड. आंरी म्वासाँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला ॲरिझोनात पडलेल्या उल्केच्या तुकड्यांत १८९३ मध्ये ते सापडलं, म्हणून त्याचं नाव. दागिन्यांसाठी कारखान्यात बनवलेलं मॉयसनाइट १९९० च्या दशकाच्या शेवटी आलं, आणि तोपर्यंत सराफांच्या हातात असलेली डायमंड टेस्टरची पेनं एकदम वेडी झाली. ती पेनं उष्णता किती पळते एवढंच मोजायची. आजही ऑनलाइन स्वस्तात मिळणारं पेन बहुधा त्याच जातीचं असतं. ते टुंग करून वाजलं म्हणजे हिरा, असं नाही.

या कप्प्यातले खडे अनुभवी माणूस दहापट भिंगातून बऱ्यापैकी ओळखतो. एडी वापरून जुना झाला की त्याच्या पैलूंच्या कडा झिजून गोलसर होतात, हिऱ्याच्या कडा वर्षानुवर्षं धारदार राहतात. मॉयसनाइटमधून तिरकं बघितलं तर मागच्या कडा दुहेरी दिसतात, हिऱ्यात त्या एकेरीच असतात. आणि एखादा खडा दिव्याखाली फारच इंद्रधनुष्य उधळायला लागला तर मला तरी शंका येते. एडी आणि मॉयसनाइट दोन्ही हिऱ्यापेक्षा जास्त रंग फेकतात. चांगल्या हिऱ्यात पांढरा लखलखाटही तेवढाच असतो.

आजीच्या कुड्या घेऊन येणाऱ्यांसाठी एक हिशेब सांगतो. कुड्या १९५० च्या आसपासच्या असतील आणि खडे मूळचेच असतील, तर ते एडी असणं शक्य नाही, तेव्हा एडी बाजारातच नव्हता. काच असेल, झरकन असेल, किंवा खरोखर हिरा असेल. पण ‘मूळचेच असतील तर’ ही अट मोठी आहे. मधे कधीतरी खडा पडला आणि कुणीतरी जत्रेच्या गडबडीत दुसरा बसवून घेतला, हे प्रत्येक घरात घडलेलं असतं. त्यातून जुनं काम बंद कोंदणाचं, मागं चकचकीत वर्ख लावलेला. तिथं पेनावर भरवसा नाही आणि भिंगही फार मदत करत नाही. खडा काढूनच बघावा लागतो, आणि जुनं कोंदण उचकटायला चांगला कारागीर तयार होत नाही. एका मामींना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, “मग ऱ्हाऊ दे की. सासूनं हिरा म्हणून दिला, मी हिरा म्हणून सुनेला देते.” याच्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, आणि द्यायची गरजही वाटली नाही.

दुसरा कप्पा प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्यांचा, आणि माझ्या मते आजची खरी फसवणूक काचेत नाही, इथं आहे. लॅबचा हिरा खोटा नाही. तोही कार्बनच, कठीणपणा दहाच, वाफ तशीच उडते, पेनही तसंच वाजतं. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत १९५४ च्या डिसेंबरात प्रचंड दाब आणि उष्णता देऊन असे हिरे बनवले गेले. आता सीव्हीडी पद्धतीनं, म्हणजे वायूतला कार्बन थरावर थर बसवून, सुरतेत ते काही आठवड्यांत तयार होतात. २०२३ मध्ये पंतप्रधानांनी अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पत्नीला साडेसात कॅरेटचा असाच हिरा भेट दिला होता. वस्तू लपवण्यासारखी नाहीच. पण तिची किंमत खाणीतल्या हिऱ्यापेक्षा कितीतरी कमी आहे, आणि गेल्या काही वर्षांत ती सारखी घसरत आलीय. हा फरक ज्याच्या खिशात जातो तो काही बोलत नाही. खोटं बोलतही नाही, गप्प बसतो. गिऱ्हाईक विचारतं, ‘खरा आहे न्हवं?’ आणि उत्तर येतं, ‘शंभर टक्के खरा.’ दोघंही आपापल्या जागी बरोबर!

हा फरक भिंगानं कळत नाही. माझ्या भिंगानं नाही, गुजरीतल्या चौथ्या पिढीच्या सराफाच्या भिंगानंही नाही. त्याला प्रयोगशाळेतली यंत्रं लागतात. बहुतेक नैसर्गिक हिऱ्यांत नायट्रोजन असतो, सीव्हीडीच्या हिऱ्यांत जवळजवळ नसतो, म्हणून यंत्र नायट्रोजन नसलेले हिरे बाजूला काढतं आणि पुढं त्यांची वाढ कशी झाली ते अतिनील प्रकाशात तपासतात. नायट्रोजन नसलेले नैसर्गिक हिरे शंभरात एक-दोनच. आणि ही जात कुठली म्हणून गाजली, तर गोवळकोंड्याची. म्हणजे राजेमहाराजांच्या खजिन्यातला हिरा आणि सुरतेच्या कारखान्यातला हिरा, पहिल्या चाळणीत दोघंही संशयित म्हणून एकाच बाकावर बसतात.

विषय निघालाच आहे तर, सतराव्या शतकात ताव्हेर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या इकडं हिंडला, तेव्हा त्यानं बघितलेली एक मोठी हिऱ्याची खाण विजापूरच्या आदिलशाहीत होती. बेळगावही तेव्हा त्याच आदिलशाहीत. १७२० च्या दशकात ब्राझीलमध्ये हिरे सापडेपर्यंत जगाला मुख्यतः हिंदुस्थानच हिरे पुरवत होता. आणि आज आपण निपाणीहून कोल्हापूरला जाऊन, नाहीतर हॉटेलच्या हॉलमध्ये दोन दिवसांसाठी भरलेल्या प्रदर्शनात, विकणाऱ्याच्या तोंडावर विश्वास ठेवून हिरा घेतो.

आता माझ्या कौंटरवरची गोष्ट, आणि ही मला जास्त चीड आणते. दागिन्यावर हॉलमार्क असतो, सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी म्हणजे ओळख क्रमांक असतो, तो बीआयएस या सरकारी मानक संस्थेच्या ॲपवर टाकला की माहिती निघते. लोक समजतात, सरकारनं सगळा दागिना पास केला. तसं नाही. हॉलमार्क फक्त सोन्याच्या शुद्धतेबद्दल बोलतो, खड्याबद्दल एक अवाक्षर नाही. आणि काही जण आजही खड्यांसकट वजन करून सगळ्याला सोन्याचा भाव लावतात. एडी मुळातच जड. हार भरगच्च दिसतो, काट्यावर वजन भरतं, आणि शेतीच्या हंगामाला तो माझ्यापुढं आला की मी खडे वजा करतो तेव्हा बाईंचं तोंड उतरतं. त्या मला चोर समजतात. विकणारा तोवर त्यांच्या आठवणीत ‘आमचा घरचा सोनार’ असतो.

म्हणून बिल. सोन्याचं निव्वळ वजन वेगळं, खड्यांचं वजन कॅरेटमध्ये वेगळं (एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, त्याचे शंभर सेंट), मजुरी वेगळी. आणि हिऱ्यापुढं ‘नैसर्गिक’ की ‘लॅबमध्ये वाढवलेला’, हे स्पष्ट. कन्नडात लिहा, मराठीत लिहा, इंग्रजीत लिहा, पण लिहा. परत घेताना काय भाव देणार, तेही. जो दुकानदार हे लिहायला कां-कूं करतो त्याच्याकडून मी तरी चमकीसुद्धा घेणार नाही. मोठा खडा असेल तर जीआयए, आयजीआय यांसारख्या प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र मागा, दोघांच्याही प्रयोगशाळा मुंबईत आहेत. प्रमाणपत्र मिळालं की त्याच्यावरचा नंबर त्यांच्या वेबसाइटवर टाकून बघा, आणि वजन-मापं खड्याशी जुळतात का तेही बघा. लॅबच्या हिऱ्यावर दुसऱ्याच नैसर्गिक हिऱ्याचा नंबर कोरून पाठवल्याची प्रकरणं खुद्द जीआयएनं उघड केलेली आहेत. मंगळसूत्राच्या पदकातल्या बारीक हिऱ्यांत तर मिसळ करणं आणखी सोपं. एकेका सेंटाचा खडा कोण तपासत बसणार? तिथं सगळ्या दागिन्याचं मिळून प्रमाणपत्र घ्या.

लॅबचा हिरा घेऊ नका असं मी म्हणत नाही. पोरीला आवडला, बजेटात बसला, हौस म्हणून घालायचा, तर खुशाल घ्या, लॅबच्या भावात घ्या. पुढं अडीनडीला उपयोगी पडेल म्हणून घ्यायचा असेल तर लॅबचाही नको आणि खाणीतलाही नको. त्या पैशाचं साधं सोनं घ्या, ते मी डोळे झाकून तारण लिहून देतो. हे वाचून काही सराफ मित्र रुसतील. चहाला बोलवा, बोलू.

आणि सीमाभागातल्या लोकांसाठी एक कामाची गोष्ट. कोल्हापुरात घेतलेल्या दागिन्यात फसगत झाली तर खेपा कोल्हापूरलाच घालायच्या, असं समजून पुष्कळ जण सोडून देतात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही जिथं राहता किंवा काम करता तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडं तक्रार देता येते. निपाणीचा माणूस बेळगावात दावा लावू शकतो. अर्थात बिल असेल तर.

कॉमेंटमध्ये आणि इनबॉक्समध्ये कुड्यांचे फोटो पाठवून ‘हे खरे काय?’ असं कृपा करून विचारू नका. फोटोत मॉयसनाइट हिऱ्यापेक्षा भारी दिसतं.