कुठल्या पेठेचं म्हणायचं?

गेल्या रविवारी कोल्हापुरात, शाहू स्टेडियमवर, चालू सामन्यात मला जागेवरून उठवलं. तिकीट काढलेलं होतं. कुणाला शिवी दिली नव्हती. (आजूबाजूला जे काही चाललं होतं ते बघता, न दिल्यामुळेच संशय आला असणार.) कारण एवढंच की माझी बायको भलत्या पेठेत जन्मली.

मी वाकडला राहतो, संगणकावर पोट भरतो आणि यादी केल्याशिवाय दूधसुद्धा आणायला जात नाही. तेव्हा कोल्हापूरला फुटबॉल बघायला जायचं ठरल्यावर एक्सेल उघडली गेली, हे ओघानंच आलं. निघायची वेळ, साताऱ्यात चहा, महामार्गाच्या कामासाठी दीड तास जादा. हा दीड तास मी इतकी वर्षं धरतोय की तो आता प्रवासाचाच भाग झालाय. रस्ता पूर्ण झाला तर त्या वेळेचं करायचं काय, हा प्रश्न पडेल. पुढे टोपी, पाण्याची बाटली, आणि पायऱ्या काँक्रीटच्या असतात म्हणून ३४९ रुपयांची, फुगवायची उशी.

एकच रकाना रिकामा होता. बसायचं कुठं? सासऱ्यांना फोन केला.

‘‘बसा की कुठंबी.’’

‘‘तसं नाही, कुठल्या बाजूला ऊन कमी असतं?’’

‘‘आवो, मॅच बघाय येताय का वाळवण घालाय?’’

विषय संपला. मी रकान्यात ‘सावली’ लिहिलं. जो माणूस आयुष्यात ‘कुठंबी’ बसला नाही, मंगल कार्यालयातसुद्धा आपल्या भावकीची पंगत धरूनच बसतो, त्यानं जावयाला ‘कुठंबी’ सांगावं, यामागे निव्वळ बेफिकिरी होती की आणखी काही, हे मी अजून ठरवलेलं नाही.

कोल्हापूरचं फुटबॉल बाहेरच्या माणसाला समजावणं अवघड आहे. बाकी जगात क्लब असतात, इथे तालमी आहेत. तालीम म्हणजे तीच, जिथे लाल माती, लंगोट आणि मारुती असतो. ज्या शाहू महाराजांनी १९१२ साली कुस्तीसाठी खासबाग मैदान बांधून घेतलं त्यांच्या गावात पैलवानांच्या तालमीच फुटबॉल खेळायला लागल्या आणि मग थांबल्याच नाहीत. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ अशी नावं. सतरा वर्षांखालचा विश्वचषक २०१७ साली भारतात झाला तेव्हा आपल्या संघात अनिकेत जाधव होता, तो इथलाच. क्रिकेटनं बाकी महाराष्ट्र कधीच गिळला. हे गाव मात्र त्याच्या घशात अडकलं. हे सगळं मला पाठ होतं, कारण एक्सेलमध्ये दुसरं पान होतं, ‘माहिती’ नावाचं. पेठेचा रकाना तेवढा कुठल्याच पानात नव्हता.

सामना चारचा. मी तीनला आत. मेहुणा ‘गाडी लावून आलोच’ म्हणाला आणि गेला. सावलीच्या कडेला एक जागा होती, तिथे उशी फुगवून बसलो. शेजारी सत्तरीचे एक आजोबा. पांढरा लेंगा, डोक्यावर ओला टॉवेल, हातात शेंगांचा पुडा, आणि शेजारच्या चार जागांवर प्रत्येकी एक दगड. दगडांची माणसं यायची होती. त्यांनी आधी उशीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

‘‘मूळव्याध?’’

‘‘नाही हो. काँक्रीट तापतं म्हणून.’’

‘‘बरं.’’ पटलं नव्हतं. ‘‘कुठल्या पेठेचं म्हणायचं?’’

‘‘मी पुण्याचा.’’

‘‘व्हय, पर पेठ कुठली? पुण्यात पेठा हाईत की.’’

‘‘वाकडला असतो.’’

‘‘वाकड पेठ?’’

‘‘पेठ नाही. नुसतं वाकड.’’

त्यांनी एक शेंग फोडली आणि न खाता हातात धरली. ‘‘मग तुमच्याकडं तालीम कुठली?’’

‘‘तालीम नाही. सोसायटीत जिम आहे.’’

‘‘तिची टीम?’’

‘‘टीम नाही. एक ट्रेडमिल आहे, तीही बंद असते.’’

एखाद्याच्या घरी कुणी गेलंय हे उशिरा कळल्यावर होतो तसा त्यांचा चेहरा झाला. शेंग माझ्या हातावर ठेवली. मग सामना सुरू झाला आणि आमच्या बाजूच्या संघात एक उंचापुरा नायजेरियन खेळाडू दिसला. तालमी बाहेरून खेळाडू आणतात, हे माझ्या ‘माहिती’ पानावर होतं. आजोबा उठून ओरडले, ‘‘आरं मर्दा, बघतोयस काय, दे की पास!’’ आणि त्यानं खरोखरच पास दिला. मी अवाक झालो.

‘‘त्याला मराठी येतं?’’

‘‘न यायला काय झालं? आमच्या पेठेतला हाय त्यो.’’

‘‘आजोबा, तो नायजेरियाचा आहे.’’

‘‘आसंल की. ऱ्हातोय कुठं? पेठेत. जेवतोय कुठं? पेठेत. गणपतीत नाचतोय कुठं?’’ मग जरा गप्प राहून, दगड नीट करत, ‘‘तुमचं इकडं येणं कसं काय? पाव्हणं कोण हाईत?’’

इथे खोटं बोलता आलं असतं. पण मी पेठेचं नाव सांगितलं, सासऱ्यांचं नाव सांगितलं, वर ‘‘ओळखता का?’’ असंही विचारलं.

आजोबांनी टॉवेल डोक्यावरून काढला. मागच्या तीन पायऱ्या गप्प झाल्या. समोर खेळणारा दुसरा संघ त्याच पेठेचा होता. ‘‘आवो पाव्हणं,’’ ते अगदी प्रेमानं म्हणाले, ‘‘मग हितं कसं बसलाय? तुमची पोरं तिकडं.’’

‘‘माझी कुणी पोरं नाहीत. मी तटस्थ आहे.’’

‘‘तसलं काय नसतंय हितं.’’

दोन तरुण मला हाताला धरून, अगदी आदरानं, खाली घेऊन गेले. मी उशी उचलायला वाकलो तर आजोबांनी तिच्यावर हात ठेवला. ‘‘ही ऱ्हाऊ दे. हिला पेठ न्हाई.’’

आणि मग ती चाल. भर सामन्यात, मैदानाच्या कडेनं, एका बाजूच्या पायऱ्यांपासून दुसऱ्या बाजूपर्यंत, हातात बाटली, डोक्यावर टोपी. पाठीमागून पाच-सहाशे माणसं एका सुरात: ‘‘पाव्हणं चाललं, पाव्हणं चाललं!’’ पोलीस हसला. मी अर्ध्यावर असताना गोल झाला. कुठल्या बाजूला झाला ते बघायला वळलो तोवर नाचच सुरू होता. सामना १-० संपला. म्हणजे पुण्याहून येऊन, एक्सेल करून, मी गोल पाठीनं बघितला. पलीकडे मेहुणा मित्रांच्यात बसलेला सापडला. त्यानं सगळं पाहिलं होतं. नुसतं पाहिलं नव्हतं, शूट केलं होतं.

रात्री बायकोनं पुण्याहून फोन केला तेव्हा तिनं ते मेहुण्याच्या स्टेटसवर आधीच बघितलेलं होतं. हसून झाल्यावर म्हणाली, ‘‘तिथं आत कसं दिसतं रे?’’ तिचं माहेर स्टेडियमपासून चालत दहा मिनिटांवर. लहानपणी गच्चीवरून आरडाओरडा ऐकून ती आणि तिची चुलतबहीण गोल कुणाचा ते ओळखायच्या, आणि कधी चुकायच्या नाहीत. आत कधी गेली नाही. दादा जायचा, काका जायचे. ‘‘आम्हाला कोण नेतोय?’’ मी त्या दिवशी आमच्या पायऱ्यांवरच्या बायका मोजायला घेतल्या होत्या. एका हाताची बोटं उरली. म्हणजे जिच्या पेठेपायी मला उठवलं, तिला त्या पेठेनं एकदाही बसवलं नव्हतं. यावर काहीतरी तडफदार बोलावं म्हणून मी सासऱ्यांकडे वळलो, तर ते जेवत होते. पुढ्यात रस्सा होता. मीही जेवलो.

जेवण झाल्यावर उशीचं काढलं. ‘‘आजोबांचा पत्ता शोधून आणता येईल का?’’

सासरे हात धूत होते. ‘‘त्यांच्या पेठेत जाऊन उशी मागायची? आमी?’’ त्यांनी पंच्यानं हात पुसले. ‘‘कितीची हुती?’’

‘‘तीनशे एकोणपन्नास.’’

ते आत गेले आणि चारशे रुपये आणून माझ्या खिशात कोंबले.