‘डी ड्राइव्हवर इमेज घ्या, जुने बॅकअप उडवा’ हा सल्ला पाळू नका

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ वर जाण्याआधी बॅकअप कसा घ्यावा, हे सांगणारा एक मेसेज सध्या फिरतोय. सांगलीत डीटीपीचं काम करणाऱ्या माझ्या मेव्हण्यानं तो वाचून जुना बॅकअप पुसायला घेतला, म्हणून हे लिहितोय. मेसेज म्हणतो: विंडोजच्याच टूलनं सी ड्राइव्हची इमेज (म्हणजे विंडोज, सॉफ्टवेअरं आणि फाइली या सगळ्याची हुबेहूब प्रत) डी ड्राइव्हवर घ्या, ‘यशस्वी’ असं दिसलं की काम झालं, जुने बॅकअप उडवा, बाकीची सॉफ्टवेअरं म्हणजे पैसे उकळायचा धंदा.

डी ड्राइव्हचं आधी. बहुतेक लॅपटॉपमध्ये डिस्क एकच असते, सी आणि डी हे तिचेच भाग. डिस्क गेली की दोन्ही गेले. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं रॅन्समवेअरही दोन्हीकडे पोचतं. अशी जागा निवडली तर ते टूल स्वतःच इशारा देतं!

आणि विंडोजचं हे टूल? २०१७ च्या फॉल क्रिएटर्स अपडेटच्या वेळी खुद्द मायक्रोसॉफ्टनं सिस्टिम इमेजची सोय ‘डेप्रिकेटेड’ (म्हणजे यापुढे न सुधारायच्या) यादीत टाकली आणि पूर्ण डिस्कच्या बॅकअपसाठी इतर कंपन्यांचं सॉफ्टवेअर वापरा, असं लिहिलं. ते अजून चालतं, हे मान्य. पण बनवणाऱ्यांनीच हात काढून घेतलेल्या टूलवर धंद्याचं मशीन का सोपवायचं?

सगळ्यात घातक वाक्य ‘यशस्वी दिसलं की झालं’ हे. इमेज लिहून झाली, एवढाच त्याचा अर्थ. व्हेरिफाय केलं तर फाइल बिघडलेली नाही हे कळतं. तिच्यातून मशीन उभं राहील का, हे कळत नाही. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीचा चालू डेटाबेस चुकून पुसला गेला. बॅकअपच्या पाच सोयींपैकी एकही धड चालत नव्हती, हे त्यांनीच जाहीर केलं. सुमारे सहा तास आधी कुणीतरी हातानं घेतलेल्या कॉपीवर निभावलं. तिथे ही गत, तर आपण न तपासता जुना बॅकअप उडवायचा?

तपासायचं म्हणजे रेस्क्यू पेनड्राइव्ह (आतल्या विंडोजशिवाय मशीन चालू करणारा) बनवून त्यावरून मशीन बूट करायचं. इंटेलचा व्हीएमडी (एसएसडी हाताळणारी सोय) चालू असेल आणि पेनड्राइव्हमध्ये त्याचा ड्रायव्हर नसेल, तर आतली एसएसडी दिसतच नाही. हे आजच कळलेलं बरं. मग इमेज माउंट करून, म्हणजे एखाद्या ड्राइव्हसारखी जोडून, काही फाइली उघडून बघा. शेवटी मूळ डिस्क काढून ठेवा, सुट्या डिस्कवर इमेज रिस्टोअर करा आणि विंडोज चालू होतं का, लग्नपत्रिकेची एखादी फाइल पेजमेकरमध्ये जुन्या श्रीलिपी फॉन्टसकट उघडते का, ते बघा. मेव्हण्याला इमेज हवी ती याचसाठी. नुसत्या फाइली बचावल्या आणि ते जुनं सॉफ्टवेअर परत बसलं नाही, तर लगीनसराईत दुकान बंद. हे सगळं पार पडेपर्यंत जुन्या बॅकअपला हात लावू नका. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा.

पैशाच्या मुद्द्यात निम्मं तथ्य आहे. इमेज घेणाऱ्या मॅक्रियम रिफ्लेक्ट या सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती बंद झाली. पण वीम या कंपनीच्या विंडोज एजंट या बॅकअप सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती आहे, ती चालू मशीनची इमेज घेते. क्लोनझिला तर मुक्तस्रोत आहे. ते मशीन बंद करून पेनड्राइव्हवरून चालवावं लागतं, आणि रिस्टोअर करायची डिस्क मूळ डिस्कएवढी किंवा मोठी लागते. ५१२ जीबीच्या डिस्कची इमेज २५६ जीबीच्या एसएसडीवर सरळ उतरत नाही, आत डेटा १०० जीबीच असला तरी. सुटी डिस्क विकत घेण्याआधी हे बघा.