‘तंबोऱ्याला गाडीत कोंबता?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

गुरुजी, नमस्कार.

तुम्ही नाव लिहिलं नाहीत, पण ‘तीस वर्षं गाणं शिकवतोय’ एवढं लिहिलंत, म्हणून गुरुजीच म्हणते. मारुतीच्या इको गाडीत झोपत, तंबोरा सोबत घेऊन केलेल्या आमच्या प्रवासावरच्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत ते मी दोन दिवसांत चारपाच वेळा वाचलं. इतरांसाठी थोडक्यात सांगते. गुरुजींचं म्हणणं असं, की एवढ्याशा गाडीत तंबोरा कोंबून गावोगाव हिंडवणं हा वाद्यावर अन्याय आहे. बंद गाडीतल्या उन्हाने तो तडकणार. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते असं फरफटवायला नव्हे. रियाजच करायचा तर मोबाइलवर तानपुरा आहे. नवरा पाय मुडपून झोपतो आणि भोपळ्याला गादी, हे कौतुकाने सांगण्यासारखं नाही. आणि शेवटी एक ओळ : लेखासोबतच्या ध्वनिफितीत जवारी, म्हणजे तारेचा झंकार, बंद वाटते.

उन्हापासून सुरुवात करते, कारण तिथे तुमचं खरं आहे आणि मी ते लेखात सांगितलं नव्हतं. सांगायला हवं होतं.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये पंढरपूरहून मिरजेकडे येताना आम्ही दुपारी जेवायला थांबलो. गाडी कडुनिंबाखाली लावली. जेवण झालं, ओळखीचे लोक भेटले, बोलण्यात अडीच तास गेले. तेवढ्यात सावली सरकली आणि मागच्या दाराच्या काचेवर थेट ऊन आलं. संध्याकाळी गवसणी काढली तेव्हा तबली, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावरची लाकडी पाटी, आणि भोपळा यांच्यामधला सांधा चार बोटं उकललेला होता. तार छेडली तर आतून खरखर. मी तंबोरा मांडीवर घेऊन रस्त्याच्या कडेला बसले आणि रडले. हा आईचा तंबोरा, १९८८ साली मिरजेत करून घेतलेला.

दुसऱ्या दिवशी सतारमेकर गल्लीत गेलो. कारागिरांनी सांध्यावर अंगठा फिरवून पाहिला आणि म्हणाले, ‘‘भोपळा आम्ही उन्हातच वाळवतो, ऊन त्याला नवं नाही. सरस मऊ झालाय.’’ जुन्या वाद्यातला सांधा सरस या चिकट गोंदाचा. सरस उष्णतेने आणि ओलीने ढिला पडतो, आणि तारांचा ताण तबलीवर असतोच, मग सांधा उघडतो. आठ दिवसांनी तंबोरा परत मिळाला. आवाज गेला नव्हता, हे माझं नशीब. शहाणपण नव्हे.

तेव्हापासून मार्च ते मे आम्ही लांब निघत नाही. इतर महिन्यांत दुपारी गाडी थांबली तर तंबोरा आमच्याबरोबर उतरतो, मग ते हॉटेल असो की देऊळ. कुणी हसलं तरी चालतं. निघण्यापूर्वी चारही तारा दोन-तीन सुरांनी उतरवते, जवारीतले, म्हणजे झंकार नेमका करायला तारांखाली सरकवायचे, दोरे काढून डबीत ठेवते, सूर बारीक जुळवायचे मणी घोडीकडे (तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीकडे) घसरून तबलीवर आपटू नयेत म्हणून त्यांच्यामागे मऊ फडकं बांधते. तारा पूर्ण सैल मात्र करत नाही.

आता ‘कोंबता’ या शब्दाबद्दल. हा शब्द मला लागला, कारण ही गाडी आधी झाली आणि तंबोरा नंतर तिच्यात घुसवला असं घडलेलं नाही. तंबोऱ्याचं माप सुताराला आधी दिलं होतं : उंची बावन्न इंच, भोपळ्याचा घेर चव्वेचाळीस. म्हणजे भोपळा आडवा चौदा इंच. पलंगाखालचा खण बारा इंची, त्यात तो जाणं शक्यच नव्हतं, आणि आडव्या फळीवर ठेवला तर खड्ड्यात उडाला असता. इकोचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं, तासाभरात तिथली जमीन तापते, म्हणून पुढची बाजूही बाद. राहिला मागचा डावा कोपरा, चाकावरच्या उंचवट्याच्या शेजारी. तिथे सुताराने तीन बाजूंनी पेटी केली आणि खाली मी आईच्या जुन्या लुगड्याची जाड चुंबळ वळून ठेवली. डोक्यावर घागर घेताना करतात तशीच. भोपळ्याचा तळ गोल, त्याला सपाट गादी उपयोगाची नाही. सगळा भार एका बिंदूवर येतो आणि तिथूनच भोपळा फुटतो. चुंबळीत तो कडेने सगळीकडून पेलला जातो. दांडी खिडकीच्या बाजूने पुढे तिरकी येते आणि कापसाच्या उशीच्या खाचेत विसावते. पंचवीस हजार किलोमीटर झाले, भोपळ्याला साधा ओरखडा नाही.

गाडीत स्वयंपाक करत नाही. फोडणीची वाफ आणि तेलाचा धूर तारांवर बसतो. स्टोव्ह बाहेर, पाऊस असला तर पोळी-चटणी.

नवऱ्याच्या पायांबद्दल त्यांनाच विचारलं. ते म्हणाले, ‘‘डाव्या कुशीवर झोपतो तेव्हा पाय आपोआप मुडपतात, त्यांना लिही.’’ लिहिलं. शिवाय ती बाजू त्यांनी स्वतः मागून घेतली आहे. रात्री कूस बदलताना माझा पाय दांडीला लागेल अशी त्यांना भीती वाटते.

तुम्ही लिहिलंत, ‘घरी निदान सुरक्षित तरी राहिला असता.’ गुरुजी, याच वाक्यासाठी एवढं लांब उत्तर लिहिते आहे.

आईचं गाणं थांबलं तेव्हापासून हा तंबोरा बारा वर्षं घरीच होता. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात, गवसणीत, ऊन नाही, धूळ नाही. दर दसऱ्याला गवसणीवरूनच हळदकुंकू आणि फूल. बाराव्या वर्षी गवसणी काढली तेव्हा पोलादी तारा गंजून तांबूस झाल्या होत्या, दोन खुंट्या भोकात अशा बसल्या होत्या की फिरेनात, आणि भोपळ्याच्या मागच्या बाजूला किडीने टाचणीच्या टोकाएवढी अकरा भोकं पाडली होती. खाली बारीक भुसा पडलेला. आम्ही सगळे त्याच खोलीत रोज चहा पीत होतो. कुणाला कळलं नाही, कारण कुणी हात लावत नव्हतं. माझ्या एप्रिलच्या चुकीने चार बोटं सांधा उकलला आणि त्याच संध्याकाळी कळला. घरातल्या सुरक्षिततेने जे केलं ते कळायला बारा वर्षं लागली.

आणि तंबोऱ्याने प्रवास करू नये हे आपल्याकडे कधी होतं? आळंदीहून निघालेल्या दिंडीत वीणेकरी खांद्यावर वीणा घेऊन पंढरपूरपर्यंत चालतो, आषाढाच्या पावसात. सप्ताहात तर वीणा खाली टेकत नाही. रात्री दोन वाजता एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. तिला कुणी फरफट म्हणत नाही. माझी आजी त्या पहाऱ्यांबद्दल बोलायची तेव्हा तिचा आवाज बदलायचा. मिरजेचंच उदाहरण हवं असेल तर अब्दुल करीम खाँसाहेब. मिरजेत राहिलेला हा गवई १९३७ मध्ये रेल्वेने पाँडिचेरीकडे निघाला होता. वाटेत तब्येत बिघडली म्हणून सिंगपेरुमल कोइल या छोट्या स्टेशनावर उतरले, तंबोरा जुळवायला सांगितला, फलाटावर बसून गायले आणि तिथेच गेले, असं सांगतात. त्या रात्री तंबोरा मिरजेच्या घरी सुरक्षित असता तर? मानांकन मिरजेच्या नावाला आहे, ठीक, पण मिरजेच्या गल्लीतले तंबोरे पिढ्यान्‌पिढ्या मिरजेबाहेर जाण्यासाठीच घडले.

राहिला मोबाइल. मोबाइलवरचा तानपुरा मीही वापरते, भाजी चिरताना, एसटीत कानात घालून. ज्या मुलीला तंबोरा परवडत नाही तिच्यासाठी तो मोठा आधार आहे. पण माझा सकाळचा रियाज गाण्याने सुरू होत नाही, तंबोरा जुळवण्याने होतो, आणि प्रवासात त्याला जे वळण मिळालं ते घरी कधी मिळालं नव्हतं.

नोव्हेंबरमधली गोष्ट. रात्री घाटावरच्या आंबा गावी मुक्काम केला, पहाटे थंडीत तंबोरा काळी चारला, म्हणजे माझ्या पट्टीला, जुळवला, गायले. मग तारा न उतरवता घाट उतरून साखरप्याला आलो. तासाभराचं अंतर. तिथे उबदार, दमट हवा. गवसणी काढून छेडला तर खर्ज (सगळ्यात खालच्या षड्जाची तार) खाली गेलेला, पंचम आणि जोड (मधल्या षड्जाच्या दोन तारा) एकमेकांशी बोलेनात, आणि खर्जाची खुंटी फुगून घट्ट झालेली. खडू लावून ती सोडवण्यात अर्धा तास गेला. त्या अर्ध्या तासात मी षड्ज जितका नीट ऐकला तितका घरी महिनाभरात ऐकत नाही. घरी तंबोरा काल जिथे होता तिथेच जवळपास आज असतो, मग कान सवयीने ‘लागला’ म्हणून मोकळा होतो. घाट उतरल्यावर सवय चालत नाही. खर्ज जागेवर आला आणि त्याच्यातून गंधार उमटला तेव्हा समोर भाताच्या कापलेल्या खाचरात बसलेली एक म्हातारी म्हणाली, ‘‘आता बरा वाटतो.’’ तिला गंधार हा शब्द माहीत असेल-नसेल. तिने ऐकला होता.

तुम्ही हे विद्यार्थ्यांना माझ्यापेक्षा चांगलं सांगत असाल, तरी लिहिते. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये आपल्या तंतुवाद्यांवर लिहिताना याच गोष्टीकडे बोट दाखवलं होतं. तार एखाद्या बिंदूवर छेडली की त्या बिंदूवर ज्या उपस्वराची गाठ पडते, म्हणजे ज्याच्या कंपनात तो बिंदू स्थिर असतो, तो उपस्वर ऐकू येऊ नये, असा जुना नियम. तंबोऱ्यात तो स्पष्ट ऐकू येतो, कारण घोडी धारेसारखी नसून रुंद आणि किंचित उतरती असते आणि तार तिच्या पाठीला घासत कंप पावते. दोऱ्याने आपण तेच घासणं केसभर इकडेतिकडे करतो. मोबाइलमध्ये ते घासणं कुणीतरी, कुठल्यातरी दिवशी, कुठल्यातरी हवेत बसवून ठेवलेलं आहे. गळा त्याच्याबरोबर चालतो, पण दोरा कुठे थांबवायचा हे बोटांना त्यातून कळत नाही. मला ते उशिरा, पन्नाशीत कळायला लागलं आहे आणि ते मला सोडायचं नाही.

कोकणात तारांना गंज लवकर धरतो हे तुमचं म्हणणं मान्य. रियाज संपला की प्रत्येक तार सुक्या मलमलीने पुसते, आणि जादा तारांचा एक संच गाडीत असतो. किनाऱ्यावर चार दिवसांपेक्षा जास्त राहत नाही.

आता जवारी. ध्वनिफीत पुन्हा हेडफोन लावून ऐकली. तुम्ही म्हणता ते खरं आहे. जोड उघडी आहे, पण पंचमाची जवारी बंद आहे आणि खर्ज सुरुवातीला उघडून लगेच मिटतो. मी दोरा पुढेमागे करून बरेच दिवस भागवलं. घोडीवर तारेने चर पडली आहे, आता दोऱ्याने होणार नाही, घोडी घासावी लागेल. ते माझ्या हाताचं काम नाही. जवारी काढताना कानशीच्या एका जादा फटक्याने काय होतं ते मी पाहिलं आहे.

तुमच्या प्रतिक्रियेत एका ओळीत तुम्ही लिहिलं आहे की विद्यार्थ्यांच्या तंबोऱ्यांची जवारी तुम्ही स्वतः काढता. आम्ही पावसाळाभर सांगलीत आहोत. दिवाळीनंतर निघू तेव्हा पहिला मुक्काम तुम्ही सांगाल त्या गावी करू. तंबोरा घेऊन येते. चुंबळ, पेटी, दांडीची उशी सगळं बघा, जिथे चुकतंय तिथे बोला, आणि जमलं तर पंचमाची जवारी काढून द्या. सकाळी लवकर आलेलं चालेल ना? ऊन चढायच्या आत पोचायचं आहे.