‘अभ्यास करून लिहीत जा’ या प्रतिक्रियेबद्दल

कॅनडातल्या सूचिपर्णी जंगलांची पालवी खाणाऱ्या ‘स्प्रूस बडवर्म’ या अळीवरच्या माझ्या लेखावर तुमची प्रतिक्रिया चार ओळींची. त्यातल्या दोन ‘अभ्यास करून लिहीत जा’ आणि ‘लोकांची दिशाभूल करू नका’ यांतच संपल्या. मतभेद जरूर असावेत, पण ही मास्तरकी कशाला? कीटकशास्त्रात माझीही वर्षं गेली आहेत.

एक चूक आधी कबूल करतो. ‘स्प्रूस बडवर्म काळ्या स्प्रूसच्या वाटेला जात नाही’ असं मी लिहिलं होतं, ‘कमी जातो’ म्हणायला हवं होतं. काळा स्प्रूस आणि बाल्सम फर ही दोन्ही सूचिपर्णी झाडं, पण काळ्या स्प्रूसचे कोंब बाल्सम फरपेक्षा साधारण दोन आठवडे उशिरा फुटतात. तोवर भुकेल्या अळ्यांची पंचाईत होते. वाक्य दुरुस्त केलंय. झालं समाधान?

आता तुमचं ते वाक्य: ‘झाडं तांबडी दिसली की बीटी फवारायचं, एवढं साधं आहे.’ (बीटी म्हणजे अळ्या मारणारं जिवाणूजन्य कीटकनाशक.) ही तांबडी झाक असते अळीने कुरतडलेल्या, तिच्या रेशमी धाग्यांत अडकून वाळलेल्या सुयांची. कॅनडाच्या पूर्वेला क्वेबेक, न्यू ब्रन्सविककडे ती जून सरता सरता दिसते. तेव्हा अळी सहाव्या, म्हणजे शेवटच्या अवस्थेत असते किंवा कोषात गेलेली असते. सर्वांत खादाड ही सहावी अवस्थाच, म्हणजे यंदाची पालवी फस्त झालेली. आणि बीटी पोटात गेल्याशिवाय मारत नाही. कोष काय खाणार, कपाळ?

घाई करूनही भागत नाही. हिवाळा काढून बाहेर पडलेली दुसऱ्या अवस्थेतली अळी आधी जुन्या सुया पोखरते, मग मिटलेल्या कळीत शिरते. तिथे थेंब पोचत नाही. कोंब फुलून सुया सुट्या होऊ लागल्या आणि बहुतेक अळ्या तिसऱ्या-चौथ्या अवस्थेत आल्या, की फवारायचं. ऊन-पावसात औषध काही दिवसांतच निकामी होतं, त्यामुळे आठवडाभराची चूकसुद्धा महागात पडते.

म्हणून फवारणी कुठे करायची हे आदल्या शरदातच तपासतात. झाडाच्या मधल्या उंचीवरून ७५ सेंटीमीटरची फांदी कापायची, कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणात भिजवायची. रेशीम सुटतं, आत निजलेल्या अळ्या मोकळ्या होतात. गाळायच्या, मोजायच्या. अटलांटिक कॅनडात २०१४ पासून चाललेल्या आगाऊ नियंत्रणात, म्हणजे साथ पसरण्याआधीच करायच्या फवारणीत, फांदीमागे ७ अळ्या हा उंबरठा धरतात. त्या वेळी झाड हिरवंगार असतं बरं का!

कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे) आणि ‘निसर्ग आपोआप सावरेल’ हे तुमचे उरलेले मुद्दे. त्यांचं उत्तर मूळ लेखाच्या शेवटच्या दोन परिच्छेदांत आहे. तिथवर तुम्ही पोचला नसणार, हे दिसतंच आहे.